दिवेलागणीनंतर पासवर्ड देत नाहीत

शुक्रवारी दुपारी बरोबर चार वाजता इनामदारांना विष कुणी घातलं ते कळणार होतं, आणि चार वाजून सहा मिनिटांनी झुंबरबाईंच्या टीव्हीनं नकार दिला.

टीव्ही बंद पडला नव्हता. बंद पडला असता तर झुंबरबाईंना एवढा राग आला नसता. तो चांगला उजेड पाडून बसला होता, दुसऱ्या पंधरा-वीस मालिकांची चित्रं दाखवत होता. फक्त इनामदारांच्या चित्रावर रिमोट दाबला की पडदा काळा व्हायचा, त्यावर इंग्रजीत तीन ओळी यायच्या आणि खाली एक बटण. बटण दाबलं की परत त्याच तीन ओळी.

"लक्ष्मे, काय म्हणतंय हे?"

सून राजलक्ष्मी कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघरातून आली. ओळी वाचून म्हणाली, "आत्या, आत्ता दिसणार न्हाय, थोड्या वेळानं बघा म्हणतंय."

"थोड्या वेळानं? मी काय रेशनच्या रांगंत हाय व्हय? घर माझं, टीव्ही माझा, लाईटबिल आम्ही भरतोय, आणि ह्यो मला थांबा म्हणतोय?"

थांबणं शक्यच नव्हतं. शिवाजी पेठेतल्या त्या बोळात गेले अकरा महिने ही मालिका झुंबरबाईंच्या तोंडून वाहत होती. शुक्रवारी भाग यायचा, आणि शनिवारी सकाळी भाजीच्या गाड्यापाशी मेथीची जुडी हातात धरून त्या तो सांगायच्या. विष दिवाणजीनं घातलं, असं त्यांनी पाचव्या भागातच जाहीर केलं होतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची मालकीण त्रिशला म्हणायची, "वैनी, मला तर धाकटी सून वाटती." आता शेवटचा भाग आपण पाहिला नाही, तर उद्या गाड्यापाशी त्रिशला सांगणार आणि आपण ऐकून घेणार. ऐकून घेणं झुंबरबाईंनी लग्नानंतर दोन वर्षांतच सोडलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांना मागच्या चार-पाच महिन्यांपासून खटकत होती. आधी शुक्रवारी चार वाजता बोळातल्या सगळ्या बायका त्यांच्या बाहेरच्या सोप्यात सतरंजीवर येऊन बसायच्या. मग एकेक गळत गेली. कुणाकडं पावणं आलं, कुणाचे गुडघे धरले. आता चार वाजता सोप्यात त्या एकट्या असत. म्हणजे नवरा गणपतराव खुर्चीत पेपर घेऊन असायचे, पण त्यांना कुणी धरत नसे.

"बंद करून चालू कर," झुंबरबाई म्हणाल्या. राजलक्ष्मीनं केला. तीन ओळी.

झुंबरबाईंनी टीव्हीच्या पाठीवर दोन थापा मारल्या, दोन्ही वेळा तळहातानं, लागू नये अशा बेतानं. तीन ओळी.

"ती मालिका दावणारी वस्तूच काढून टाक आणि परत घाल. श्टोचा बर्नर न्हाय का, काढून पुसून घातला की पेटतोय."

राजलक्ष्मीनं ॲप काढलं आणि परत घातलं. आता टीव्ही इनामदारांचं चित्रसुद्धा दाखवेना. तो पासवर्ड मागू लागला.

पासवर्ड म्हणजे काय, हे टीव्ही घरी आला त्या दिवशी झुंबरबाईंना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांची शाळा तिसरीत सुटली होती, पण दिल्यानं आपलं कमी होत नाही आणि घेणाऱ्याचं मात्र भागतं, अशा वस्तूला त्यांच्या घरात एक जुनं नाव होतं: विरजण. विरजण मागायला आलेली बाई त्यांच्या सासूनं कधी रिकाम्या वाटीनं पाठवली नव्हती, आणि त्यांनीही नाही. राजलक्ष्मीनं कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहून दिला होता. तो जिऱ्याच्या डब्यात असे. कुणी मागितला की झुंबरबाई पुठ्ठा काढून देत. "लिहून घ्या आणि माघारी आणून द्या." नियम एकच. मीठ आणि विरजण दिवेलागणीनंतर घराबाहेर जात नाही, तसा पासवर्डही जायचा नाही. समोरच्या हुसेनबीला हे पाठ होतं. ती संध्याकाळच्या मगरिबच्या बांगेच्या आधी यायची.

जिऱ्याच्या डब्यात आज नुसतं जिरं होतं.

"पिराजीनं न्हेलाय," राजलक्ष्मी म्हणाली. "तालमीतला. परवा."

"पैलवान माणूस, त्याला कशाला इनामदार?"

"खुराक खाताना बघतोय म्हणं."

झुंबरबाई उठल्या, दारात गेल्या आणि समोरच्या घराच्या वरच्या खिडकीकडे बघून हाक मारली. हाक बोळाच्या दोन्ही टोकांना गेली. "दिलदाऽर! सामान घिऊन ये!"

दिलदार हुसेनबीचा थोरला. टीव्ही दुरुस्तीत त्याचं वीस वर्षं नाव होतं. पाच मिनिटांत तो पेचकसांची पिशवी घेऊन आला, पिशवी न उघडताच टीव्हीसमोर उकिडवा बसला, रिमोट हातात घेतला आणि पासवर्डची अक्षरं एकामागून एक टिपू लागला. कुठं बघून नव्हे. सरळ, मनातून, शेवटच्या आकड्यासकट.

झुंबरबाई बघत राहिल्या.

"दिलदार."

"काय काकी?"

"पुठ्ठा तालमीत हाय. तुला कसा पाठ?"

दिलदारचा अंगठा थांबला. "अम्मीला दिलासा की तुम्ही."

"दिला. पर तुझ्या अम्मीला एबीसीडी येत न्हाय."

"म्हणून तर मला पाठ करायला लावला," दिलदार म्हणाला आणि पटकन शेवटचं बटण दाबलं. ॲप उघडलं. इनामदार दिसले. दिलदारनं चित्रावर दाबलं, आणि काळ्या पडद्यावर तीन ओळी आल्या.

त्यानं त्या ओळी वाचल्या, मान खाजवली, परत वाचल्या. चांगल्या डॉक्टरसारखं त्याचं तोंड कोरं झालं.

"काकी, टीव्हीला काय झालेलं न्हाय. हे एका खात्यावर एका वक्ताला चारच जागी चालतंय. चार जागी आधीच चालू हाय. तुमचं पाचवं."

"कोण बघतंय? चोर हायत का?"

"चोर न्हाईत." दिलदारनं राजलक्ष्मीचा मोबाईल मागून घेतला, त्यात काहीतरी उघडलं आणि वाचू लागला. "एक पेठेतच. ही त्रिशलावैनी. दुसरं बी पेठेत, मोबाईलवर. ही तालीम. तिसरं शाहूवाडी..."

"शाहूवाडीला आपलं कोण हाय?"

"माझी भैन सबिना दिली न्हाय का आम्ही तिकडं. अम्मीनं दिला असंल तिला." तो जरा थांबला. "चौथं परत पेठेत. समोरच."

"समोर तर तुमचं घर हाय."

"तेच म्हणतोय मी," दिलदार म्हणाला.

ही झाली आत्ता बघणारी. एरवी बघणारी अकरा ठिकाणं होती, त्यात दिलदारचा भाऊ रिजवान सौदीत होता. विरजणाचं असंच असतं. एका घरचं दही दुसरीकडं जातं, त्या दह्याचं विरजण तिसरीकडं. पण झुंबरबाईंच्या डोळ्यांसमोर आली ती रिकामी सतरंजी. पावणं, गुडघे! ज्यांना आपण हातानं विरजण दिलं, त्या सगळ्या आपापल्या घरी दही खात बसल्या होत्या, आणि ज्या घरातून ते गेलं त्या घरात काळा पडदा.

"अम्मीला फोन लाव. म्हणावं बंद कर."

दिलदारनं लावला. "अम्मी, टीव्ही बंद कर जरा. झुंबरकाकीचा चालंना झालाय."

पलीकडून हुसेनबीचा आवाज साऱ्या सोप्यात ऐकू आला, "थांब रे! आत्ताच तर दुधाचा पेला घिऊन आलीया—"

"सांगू नगं म्हण!" झुंबरबाईंनी दोन्ही कानांत बोटं घातली. "कोण आलंय ते सांगू नगं म्हण तिला!"

'आलीया' मात्र आधीच कानात गेलं होतं. दिवाणजी पेला घेऊन आला असता तर हुसेनबी 'आलाय' म्हणाली असती. झुंबरबाईंनी ते ऐकलंच नाही, असं ठरवून टाकलं.

हुसेनबीनं टीव्ही बंद केला नाही. त्रिशलानं फोन उचलला नाही. तालमीत फोन उचलला गेला, पण पिराजी फक्त "हूं" म्हणाला. त्याच्या तोंडात बदाम होते.

"एकच उपाय हाय," दिलदार म्हणाला. "सगळ्यांना एका दमात बाहीर काढायचं आणि पासवर्ड बदलायचा. फकस्त त्यासाठी मोबाईलवर सहा आकडे येत्यात, ते घालाय लागतील. नंबराच्या शेवटी बेचाळीस हाय. कुणाचा?"

झुंबरबाईंनी गणपतरावांकडं बघितलं. त्यांनी पेपरामागून मान हलवली. त्यांचा नव्हता.

राजलक्ष्मी हाताला लागलेली कणीक फार काळजीपूर्वक काढत होती. "आईचा हाय," ती म्हणाली.

"कुणाच्या आईचा?"

"माझ्या."

दिलदार उठला, कारण टीव्हीपेक्षा मोठी दुरुस्ती निघाली आहे, हे त्याला कळलं.

"तीन वरीस," झुंबरबाई हळू म्हणाल्या. त्या हळू बोलल्या की घरातलं मांजरही जागा बदलायचं. "तीन वरीस मी त्या बाईच्या भांड्यातलं विरजण वाटाय लागलीया व्हय? तू तर म्हणलीस टीव्हीबरोबर आलंय."

"सांगितलं असतं तर तुम्ही बघितलंच नसतं, आत्या."

हे खरं होतं. वारणानगरच्या विहीणबाई अक्काताई यांच्याशी झुंबरबाई चार वर्षं बोलत नव्हत्या. पेठेत त्यांनी सांगून ठेवलं होतं की मानपानावरून बिनसलं. मानपानाचा काही संबंध नव्हता. मुलाच्या लग्नानंतर व्याही-विहीण पहिल्यांदा घरी जेवायला आले, तेव्हा झुंबरबाईंनी तांबडा रस्सा केला होता. हा साधा रस्सा नव्हे. तालमीच्या जेवणावळीत आचारी पातेल्यातून पळी काढून आधी झुंबरबाईंकडं पाठवायचे, त्या मान हलवतील तेव्हा वाढप सुरू व्हायचं. असा रस्सा अक्काताईंनी वाटीनं प्याला, तोंड पुसलं आणि एक शब्द उच्चारला. पहिल्या पंगतीला चौघंच होते. व्याही ऐकायला कमी होते. राहिले गणपतराव, आणि ते काहीच बोलले नाहीत. वाटी पुढं करून आणखी थोडा मागून घेतला, बस्स. विहिणीच्या शब्दाइतकाच नवऱ्याचा तो गप्पपणा झुंबरबाईंना बोचला होता. तो शब्द पेठेत कळला असता तर पुढच्या जेवणावळीत पळी दुसऱ्याच कुणाकडं गेली असती.

भिंतीवरच्या घड्याळात चार पंचवीस झाले होते. उद्या सकाळचा भाजीचा गाडा आणि त्रिशलाचं तोंड झुंबरबाईंना लख्ख दिसलं.

"दिलदार, तू जा घरला. अम्मीला म्हणावं, गुडघे संभाळ."

तो गेल्यावर त्यांनी दार लोटून कडी घातली. "लाव फोन. मी बोलणार न्हाय, तूच बोल."

राजलक्ष्मीनं स्पीकर लावला. "आई, तुझ्या मोबाईलवर सहा आकडे आल्यात, तेवढं वाचून दाखव."

"कुणाला सांगायचं न्हाय म्हणून खाली लिवलंय," अक्काताई म्हणाल्या. साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. मागच्याच महिन्यात बँकेच्या एका साहेबांनी मंडळात येऊन फसवणुकीवर भाषण दिलं होतं, आणि आभार अक्काताईंनी मानले होते.

"अगं, मी राजलक्ष्मी!"

"आवाज काढत्यात. सायबांनी सांगितलंय, पोरीचा काढत्यात, नातवाचा बी काढत्यात. शेजारी कोण कुजबुजतंय?"

"आत्या हायत."

"कशावरनं?"

झुंबरबाईंनी मोबाईल हिसकावून घेतला. "मी झुंबरबाई बोलतीया!"

"झुंबरबाई मला फोन करायच्या न्हाईत," अक्काताई शांतपणे म्हणाल्या. "म्हंजे तुम्ही चोरच."

"अवो, मी शिवाजी पेठेतनं—"

"पेठ तर कुणी बी सांगंल. खऱ्या झुंबरबाई असशीला तर एवढंच सांगा. तुमच्याकडं जेवायला आलतो तवा तुमच्या रश्श्याला मी काय म्हणले? ते घरच्या माणसांशिवाय कुणाला ठावं न्हाय."

झुंबरबाईंनी खिडकीकडं बघितलं. खिडकी बंद होती. सुनेकडं बघितलं, ती टीव्हीवरची धूळ पुसू लागली. गणपतरावांचा पेपर बोटभर खाली आला.

"पातळ म्हणलासा."

"चुकलं. फोन ठेवती मी."

"थांबा!" झुंबरबाईंनी मोबाईल तोंडाजवळ नेला. "...पाणचट."

"ऐकू आलं न्हाय. हितं रेंज कमी हाय."

झुंबरबाईंनी पदराचा बोळा करून तोंडाला लावला आणि त्यातून ओरडल्या, "पाणचट! पाणचट म्हणलासा! रस्सा पाणचट झालाय म्हणलासा! अवो, रस्सा हाय त्यो, त्यात पळी उभी ऱ्हायली तर त्याला पिठलं म्हणत्यात!"

"आता पटलं," अक्काताई म्हणाल्या. "कशा हायसा, ईनबाई? तब्येत काय म्हणती?"

"बरी हाय," झुंबरबाई म्हणाल्या, कारण विचारलेल्या तब्येतीला उत्तर न देणं त्यांना जमत नव्हतं.

"बरं झालं फोन केलासा. माझा बी टीव्ही चार वाजल्यापासनं काळा हाय. आमच्या खात्यावर कोण पाहुणचार घ्यायलंय, तेच कळंना झालतं. आणि आणखी एक इचारायचं हुतं. मी एखादा भाग अर्ध्यावर सोडला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुढं न्हेलेला असतोय. तीन वरीस मी ह्यांना बोल लावती. ते तुम्हीच व्हय?"

झुंबरबाईंचाही भाग कुणीतरी पुढं नेत असे. मी झोपल्यावर चोरून मालिका बघता, म्हणून तीन वर्षं त्यांनी गणपतरावांना जे जे ऐकवलं होतं, ते सगळं त्यांना ओळीनं आठवलं. खुर्चीकडं बघायचं त्यांनी टाळलं. तिकडं पेपर पुन्हा डोळ्यांपर्यंत चढला होता.

"मीच असंन," त्या म्हणाल्या.

अक्काताईंनी सहा आकडे वाचून दाखवले. राजलक्ष्मीनं घातले. आता मोबाईल नवा पासवर्ड मागत होता.

"त्यो मी सांगणार," अक्काताई म्हणाल्या. "खातं माझं हाय. ईनबाईंचा हात सढळ हाय, त्यांच्या तोंडातनं बाहीर पडणारच न्हाय असा पायजे. लिही राजलक्ष्मी, इंग्रजीत, सगळं जोडून: पाणचट रस्सा. आणि म्होरं एक आकडा."

"कुठला आकडा?" राजलक्ष्मीनं विचारलं. तिनं सासूकडं बघितलं नाही.

"एक. एकच वाटी प्याले हुते मी."

झुंबरबाईंनी घड्याळाकडं बघितलं. चार चाळीस झाले होते. "लिही," त्या म्हणाल्या.

राजलक्ष्मीनं शेवटचं बटण दाबलं, आणि बोळात एक चमत्कार झाला. समोरच्या घरातला मालिकेचा आवाज तुटला. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीतला तुटला. लांब तालमीतून कुणीतरी "अरंऽऽ" म्हणाल्याचं ऐकू आलं. मग दारं वाजली, चपला वाजल्या.

"ईनबाई, शेवट कुणी कुणाला सांगायचा न्हाय," झुंबरबाईंनी घाईघाईनं फोनवर बजावलं.

"न्हाय सांगत. आणि ह्या दिवाळीला या हिकडं. घट्ट रस्सा कसा असतोय ते दावती."

राजलक्ष्मीनं टीव्हीतही नवा पासवर्ड घातला, आणि फोन ठेवून झुंबरबाईंनी कडी काढली. दारात हुसेनबी होती, पदराखाली वाटी घेऊन. त्रिशला होती, वही-पेन घेऊन. मागं पिराजी, एका हातात पुठ्ठा आणि दुसऱ्या हातात बदामाच्या दुधाचा पेला. दिलदार आईच्या मागं उभा राहून आभाळाकडं बघत होता.

"झुंबर, इरजण पायजे हुतं जरा," हुसेनबी म्हणाली.

"वैनी, आमचा टीव्ही एकदम बंद झाला बघा," त्रिशला म्हणाली. "अगदी पेला तोंडाला लावला आणि बंद. पासवर्ड बदललासा काय? तेवढा सांगा की. लिहून घेती."

झुंबरबाईंनी एकेकीकडं बघितलं. आयुष्यात त्यांनी दारात आलेल्या बाईला रिकाम्या वाटीनं पाठवलं नव्हतं. शब्द जिभेवर होता. त्यांनी तो गिळला.

"आज न्हाय," त्या म्हणाल्या. "दिवेलागण झालीया."

सगळ्यांनी वर बघितलं. चैत्रातलं ऊन बोळात भरून वाहत होतं. पिराजीनं डोळ्यांवर पुठ्ठा आडवा धरला.

"वैनी, पावणेपाच वाजल्यात," त्रिशला म्हणाली. "वाळवणं अजून गच्चीवर हायत माझी."

"तुमच्यात वाजले असतील. आमच्यात दिवेलागण झालीया."

"कुठं हाय दिवा?" हुसेनबी म्हणाली.

तेवढ्यात आत काडी ओढल्याचा आवाज झाला. गणपतरावांनी पेपराची घडी केली होती, खुर्चीतून उठून ते देव्हाऱ्यापाशी गेले होते. त्यांनी निरांजन लावलं, हात जोडले, येता येता सोप्यातली ट्यूबलाईटही लावली, आणि काही न बोलता परत खुर्चीत येऊन पेपर उघडला.

झुंबरबाई दारातून बाजूला झाल्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "या आत. लक्ष्मे, सतरंजी टाक. हुसेनबी, तू भिंतीला टेक, गुडघे दुखत्यात न्हवं तुझं? आणि पहिल्यापासनं लावणार हाय. ज्यानं जेवढं बघितलंय त्यानं तेवढं गिळून गप बसायचं."

सगळे बसले. पिराजी उंबऱ्यात बसला. टीव्हीवर इनामदार आले, आणि कुणी थांबा म्हणालं नाही.

झुंबरबाई चहा टाकायला आत गेल्या. त्या दिवशी चहाचा पहिला कप गणपतरावांना मिळाला, आणि तोही घट्ट.